साथ सोमवारी सुरू झाली

पत्र आलं तेव्हा ती हात धूत होती. कोपरापर्यंत साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत घासून घासून. सव्वीस वर्षांच्या नोकरीत या एका सवयीवरून कार्यालयात तिची नक्कलही व्हायची आणि तिचा धाकही राहायचा. आरोग्याधिकारी बाई आत हात धुताहेत म्हणजे बाहेर थांबायचं, हे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून दार न वाजवता हेडक्लार्क आत शिरला तेव्हाच तिने चमकून मागे पाहिलं. हेडक्लार्कला सगळे पेपरवेट म्हणत. कागदांवर बसून राहणं हेच त्याचं काम, आणि खुर्चीवरून उठलेला त्याला फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. तोच पेपरवेट आज लिफाफा हातात धरून, सगळे दात दाखवत बेसिनपाशी उभा होता. “मॅडम, आता आम्हाला पार्टी लागणार,” तो म्हणाला. लिफाफा त्याने आधीच फोडून वाचलेला होता, आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटली नव्हती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या अधिकाऱ्यांना दर वर्षी दिला जाणारा मोठा सन्मान यंदा तिला जाहीर झाला होता. सोबत मानपत्राचा कच्चा मजकूर जोडलेला होता. ‘टेकडीवरील वस्तीत दोन वर्षांपूर्वी उद्भवलेल्या दूषित पाण्याच्या साथीत पहिल्या दिवशीच पाणीपुरवठा बंद करण्याचा धाडसी निर्णय. एकोणीस दिवसांत साथ आटोक्यात. एकूण रुग्ण एकशे बेचाळीस. मृत्यू शून्य.’ मजकूर तपासावा, ‘वरील माहिती खरी आहे’ या ओळीखाली सही करावी आणि आज संध्याकाळी पाचपर्यंत परत पाठवावा, असं पत्रात म्हटलं होतं. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, शिफारस कुणी केली ते लिहिलेलं होतं. टेकडीवरच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने.

ते वाचून तिच्या पायाखालची जमीनच सरकली. पेपरवेट काहीतरी बोलत होता, हॉल केवढा मोठा आहे, मागच्या वर्षी कुणाला मिळाला होता, भाषण किती मिनिटांचं असतं. आणि ती मान हलवत होती, हसतही असावी, कारण तो समाधानाने परत गेला. दार बंद झालं. ती पुन्हा बेसिनपाशी गेली आणि पुन्हा हात धुऊ लागली. सिस्टरने का केली शिफारस? सगळ्या जगात एकच बाई अशी होती की जिला तो गुरुवार माहीत होता, आणि नेमकं तिनेच हे का करावं? चांगुलपणाने माणूस इतकं करतं? अर्ज आणायचा, चार प्रतींत भरायचा, जोडपत्रं लावायची, वरच्या दोन सह्या मिळवायच्या. सरकारी नोकरीत आपल्या स्वतःच्या रजेसाठी माणूस एवढा खटाटोप करत नाही. पाणी गार होतं. तिला ते फार गार वाटलं, आणि तिने नळ बंद केला. घाबरायचं काय त्यात, तिने स्वतःला दटावलं. पण भीती दटावण्याने ऐकत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी दुपारी सव्वातीन वाजता सिस्टर याच टेबलापाशी उभी होती. टेकडी चढून उतरून आलेली, घामाघूम, आणि बस म्हटलं तरी न बसलेली. “मॅडम, शेवटच्या गल्लीत सहा पोरांना जुलाब लागलेत. कालपासून. आणि नळाला रंगच येत नाहीये.” पाण्यात औषध पुरेसं असलं की तपासणीच्या दोन थेंबांनी ते पिवळं होतं, नसलं की पाणी आपलं पाण्यासारखंच राहतं. आरोग्य खात्यातलं शेंबडं पोरही पाण्याचा नमुना घेताना टाकीजवळचा नळ सोडून वस्तीतल्या शेवटच्या नळापाशी जातं, कारण औषध संपतं ते तिथे, आणि घाण शिरते तीही तिथेच. सिस्टर त्या नळाशी गेली होती. काम चोख केलं होतं तिने. पाठकोऱ्या कागदावर सहा मुलांची नावं होती. ती नावं तिने, या आरोग्याधिकारी बाईने, वाचलीच नाहीत. फक्त आकडा वाचला. “बाटली नीट धुतली होती?” तिने विचारलं. “धुतली होती मॅडम.” “थेंबांची तारीख उलटून गेलेली नाही ना?” “नाही मॅडम. पाणी बंद करायला हवं, मॅडम. टँकर पाठवा.” सिस्टर एवढं स्पष्ट बोलली होती. आणि तरी तिने सिस्टरला सांगितलं होतं, “एका नमुन्यावर मी पाणी बंद करणार नाही. दुसरा नमुना प्रयोगशाळेत द्या. सोमवारी बघू.”

यालाही कारण होतं. तिच्या आयुष्यात कारण नसलेलं काही नव्हतंच. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिने एका नमुन्यावर विश्वास ठेवून एका गावाचं पाणी चार दिवस बंद केलं होतं, आणि मग कळलं की पाणी शुद्ध होतं, बाटली घाण होती. माणसं हंडे घेऊन कचेरीवर चालून आली होती. तेव्हाच्या संचालकांनी भर बैठकीत, पन्नास डॉक्टरांसमोर, तिला उभी करून विचारलं होतं, “बाई, तुम्ही आधी बाटली धुवायला शिकणार की आधी साथ घोषित करायला?” पन्नास डॉक्टर हसले होते. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. दोन नमुने. आभाळ कोसळलं तरी दोन नमुने. या दोन नमुन्यांनी तिला पुढे नाव मिळवून दिलं. बाई पक्क्या आहेत, बाई उगाच धावपळ करत नाहीत, असं लोक म्हणू लागले. हात धुणंही तेव्हाचंच. पाण्याच्या दोन नमुन्यांमध्ये साडेतीन दिवस जातात, आणि त्या साडेतीन दिवसांत माणसं तेच पाणी पितात, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण त्या पन्नास माणसांचं हसणं तिला पाणी पिणाऱ्यांपेक्षा जवळून ऐकू येत होतं.

शनिवारी संध्याकाळी शेवटच्या गल्लीतली एक मुलगी गेली. चार वर्षांची. रविवारी सकाळी आरोग्याधिकारी बाई स्वतः टेकडीवर गेली होती, आणि हे तिने आपण होऊन केलं म्हणून तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. एका खोलीचं घर. मुलीची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, बाप बाहेर उभा होता, आणि आजी तेवढी बोलत होती. तिने फॉर्म काढला. मृत्यूची चौकशी करायचा एक छापील फॉर्म असतो. त्यात सतरा प्रश्न आहेत आणि नवव्या प्रश्नात मृताने शेवटच्या दोन दिवसांत काय खाल्लं ते विचारायचं असतं. तिने आठ प्रश्न भराभर विचारले आणि नवव्यापाशी थांबली. कशी थांबली, ते तिला आजही आठवत होतं; अंधारात पायरी सापडावी तसा पाय टेकला तिचा. “आजी, रात्रीचं उरलेलं काही दिलं होतं का हो?” आजीने आठवून आठवून सांगितलं. हो, दिलं होतं. शुक्रवारी सकाळी. पोरगी दुसरं काही खाईना, भूक भूक करत होती, सून कामावर गेलेली, म्हणून रात्रीचं होतं ते मीच भरवलं. घरात सगळ्यांनीच खाल्लं ते, बाकी कुणाला काही झालं नाही, पण हो, मीच भरवलं. “शिळं होतं?” “रात्रीचं होतं बाई.” तिने लिहिलं: शिळ्या अन्नातून विषबाधा. पेन अडखळलं नाही. अर्ध्या मनाने तिला ते खरंही वाटलं होतं. माणसाला जे हवं असतं ते खरं वाटायला अर्धं मन पुरतं. त्या मुलीला जुलाब बुधवारपासूनच लागले होते, तिचं नाव त्या पाठकोऱ्या कागदावर होतं, आणि तो कागद पर्समध्ये घडी घालून पडला होता. घरी आल्यावर तिने तो उघडला. नाव होतं. यादीत दुसरंच.

सोमवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला, केंद्रात आणखी तेवीस माणसं दाखल झाली आणि त्यानंतर तिने जे केलं ते खरोखर कुणालाही जमलं नसतं. दोन तासांत पाणी बंद. चार तासांत टँकर. शाळेत खाटा टाकल्या, घरोघर गोळ्या वाटल्या, फुटलेला नळ गटाराखालून खणून काढला. एकोणीस दिवस ती त्या शाळेच्या बाकावर झोपली. एकशे बेचाळीस माणसं मरणाच्या दारातून परत आली, त्यांत सत्तर मुलं होती, आणि मानपत्रातला एवढा भाग अक्षर न अक्षर खरा होता. फक्त पहिल्या दिवशी संध्याकाळी पेपरवेटने रजिस्टर उघडून विचारलं होतं, “मॅडम, साथ कधीपासून धरू?” नियम असा होता की एकाच पाण्यावरचे पाच रुग्ण रजिस्टरमध्ये एका दिवशी नोंदले गेले की तो साथीचा पहिला दिवस. सिस्टरने आणलेली सहा नावं रजिस्टरमध्ये नव्हतीच. ती पाठकोऱ्या कागदावर होती. “सोमवारपासून धरा,” ती म्हणाली होती. नियमाला धरूनच म्हणाली होती. शनिवारी गेलेली मुलगी मग आपोआपच साथीच्या बाहेर पडली. आणि बाराव्या दिवशी त्या मुलीच्या मृत्यूनंतरच्या तपासणीचा अहवाल आला, की तिच्या पोटातला जंतू आणि नळाच्या पाण्यातला जंतू एकच. तोपर्यंत ‘मृत्यू शून्य’ हे वरपर्यंत कळवून झालं होतं, पत्रकारांना सांगून झालं होतं, मोठ्या साहेबांनी तिच्या पाठीवर थापही मारली होती. तिने तो अहवाल फायलीत सर्वांत मागे लावला, पुठ्ठ्याला चिकटून. फाडला नाही. फाडणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला आणि ती केवढ्याने दचकली. नवरा होता. पेपरवेटने शहरभर वर्दी दिलेली दिसत होती. “अगं, ऐकलं मी! आता घरात आमचं काही चालायचं नाही.” तो शाळेत गणित शिकवायचा आणि त्याचं हसणं फोनवरही वर्गाला ऐकू जाईल एवढं मोठं होतं. “आधी काय चालत होतं?” ती म्हणाली, सवयीने. “लेकीला कळवलं मी. ती रजा टाकून येतेय, पुढच्या रांगेत बसणार म्हणते. तुझा आवाज असा का येतोय?” “कसा?” “बसल्यासारखा.” तिला वाटलं, सांगून टाकावं. आत्ता, फोनवर, समोर तोंड नाही तोवर. अहो, एक मुलगी गेली होती. तुम्ही तेव्हा विचारलंत, काय गं, झोपेत ओरडतेस, आणि मी म्हटलं, दमणूक. “थंड पाणी प्यायले सकाळी,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या उत्तराचीच किळस आली.

मग तिने फाइल मागवली. पेपरवेट पुन्हा स्वतः घेऊन आला, फुंकर मारून धूळ झटकत. “मॅडम, ही तर आता काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू.” तो गेल्यावर तिने दाराला आतून कडी लावली, असं तिने याआधी कधी केलं नव्हतं. फाइल मागून उघडली. अहवाल होता. एक पान, जांभळा शिक्का, तिने दोन वर्षांपूर्वी जिथे लावला होता तिथेच. तो तिथे नसता तर ती अधिक घाबरली असती की कमी, हे तिला ठरवता येईना. तिने तो पहिल्यांदाच खालपर्यंत वाचला. दोन वर्षांपूर्वी ती जंतूच्या नावापाशीच थांबली होती; त्याच्या खाली सही होती, सहीच्या खाली तारीख, आणि तारखेच्या खाली, टाइप करणाऱ्याने न चुकता घातलेली ओळ: प्रत, आरोग्य केंद्र, टेकडी.

म्हणजे सिस्टरकडेही हा कागद होता. दोन वर्षं होता. पहिल्या दिवसापासून तिला सगळं माहीत होतं, आणि ती मूग गिळून बसली होती, दर महिन्याच्या बैठकीत समोर बसून “नमस्कार मॅडम” म्हणत होती, आणि तिने आता हा अर्ज केला होता. का केला हे उघडच होतं. कुणाला खाली पाडायचं असेल तर आधी उंचावर चढवायला हवं. तो हॉल तिच्या डोळ्यांसमोर आला, तिने न पाहिलेला; लाकडी व्यासपीठ, माइकची खरखर, पुढच्या रांगेत लेक. कुणीतरी मानपत्र वाचतंय, मृत्यू शून्य, टाळ्या. आणि मागून सिस्टर उठते. आरडाओरडा करणारी बाई नव्हे ती. नुसती उठेल, आणि हातात हे एक पान असेल. पन्नास डॉक्टर तर तिथेही असतील. पण ते हसणार नाहीत या वेळी. तिला घाम फुटला होता, आणि खिडकी उघडावी म्हणून ती उठली तर खालच्या रस्त्यावरून माणसं चालली होती, पिशव्या घेऊन, मुलांचे हात धरून, आणि त्यांतला प्रत्येक जण वर बघणार आहे असं तिला वाटलं. तिने खिडकी तशीच ठेवली.

ही भीती नवी नव्हती. ती आठ वर्षांची असताना तिच्या हातून घरातला ताप मोजायचा थर्मामीटर फुटला होता. आई शेजारी गेली होती. पारा जमिनीवर सांडला, त्याचे लहान लहान गोळे झाले आणि ते पळाले, पलंगाखाली, कोपऱ्यात, फरशीच्या फटींत. धरायला गेलं की फुटायचे आणि दोनाचे चार व्हायचे. तिने काच वेचून कचऱ्यात टाकली आणि कुणाला काही सांगितलं नाही. मग शाळेत बाईंनी सांगितलं की पारा विषारी असतो. त्या दिवसापासून कितीतरी आठवडे ती रोज धाकट्या भावाच्या अंथरुणाशी जाऊन त्याचा श्वास चालतोय का ते बघायची. तो त्याच पलंगाखाली खेळायचा. आई म्हणायची, बघा, किती जीव आहे हिचा भावावर. पाहुण्यांना सांगायची. पाहुणे तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, आणि तो हात डोक्यावर असताना तिला जेवढी भीती वाटायची तेवढी भावाजवळ एकटी असतानाही वाटत नसे. भावाला काही झालं नाही. तो आज तिच्याहून धडधाकट आहे. पण ती सांगू शकली असती, एका वाक्याचं काम होतं, आईने झाडून पुसून घेतलं असतं आणि चार धपाटे घालून विषय संपवला असता. एका वाक्याचं काम. ती मोठी झाली, डॉक्टर झाली, लोकांच्या घराघरांतून विष शोधत फिरली, आणि ते एक वाक्य तिला अजून जमलं नव्हतं.

सव्वाचार वाजले होते. पेपरवेटने दारावर टकटक केली, “मॅडम, तो सहीचा कागद,” आणि ती आतून ओरडली, “थांबा जरा!” एवढ्या मोठ्याने ती कार्यालयात कधी बोलली नव्हती. मग तिने फोन उचलला. समोरून काय येणार ते एकदाचं येऊन जाऊ दे. रोज रोज मरण्यापेक्षा ते बरं. टेकडीवरच्या केंद्राचा फोन चार वेळा वाजला आणि सिस्टरने उचलला.

“मॅडम! कळलं ना?” सिस्टरचा आवाज आनंदाने फाटला होता. “मी इथे सकाळपासून सगळ्यांना सांगतेय. मला वाटलं होतं, कुठलं देताहेत आपल्यासारख्यांना. पण दिला!”

“सिस्टर, तुम्ही हे का केलंत?”

“म्हणजे काय मॅडम? एकोणीस दिवस मी बघितलंय तुम्हाला. माझी स्वतःची पोरगी होती त्या खाटेवर, नववी खाट, तुम्ही पहाटेपर्यंत तिच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होतात. मी विसरेन होय?”

ती विसरली होती. कोणती खाट, कुणाची मुलगी, तिला काहीच आठवेना. ती अडखळत म्हणाली, “त्या वेळी एक अहवाल आला असेल तुमच्याकडे. प्रयोगशाळेचा. बाराव्या दिवशी.”

“कुठला हो? तेव्हा तर केंद्राला कुलूप होतं, आपण सगळे शाळेत. टपाल दाराच्या फटीतून आत टाकून जायचे, आणि त्यात छप्पर गळलं. सगळा लगदा झालेला. मी फावड्याने काढून टाकला. महत्त्वाचं होतं का काही?”

तिने डोळे मिटले. कुणालाच माहीत नव्हतं. आज एवढा वेळ ती ज्या प्रतीला घाबरत होती ती प्रत फावड्याने उचलून टाकलेली होती. “आणि तो गुरुवार, सिस्टर?” तिने अगदी हळू विचारलं. “तुम्ही मला सांगायला आला होतात.”

“आले होते की. पण एका नमुन्यावर कसं बंद करणार, मॅडम? नंतर मलाही पटलं ते. मी नव्या पोरींना तेच शिकवते आता. दोन नमुने.”

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. क्षणभर पडलाही. तिने पुढ्यातला कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. वरील माहिती खरी आहे. सिस्टर बोलतच होती.

“आणि मॅडम, कार्यक्रमात वस्तीतलं कुणीतरी दोन शब्द बोलायला हवं म्हणून कळवलंय त्यांनी. मी शेवटच्या गल्लीतल्या आजींचं नाव दिलंय. तुम्हाला आठवतील, त्यांची नात गेली होती ना आधी, जुलाबात शिळं अन्न पोटात गेलं म्हणून. त्यांचा धाकटा नातू आपल्या खाटांवर वाचला. त्या म्हणाल्या, मीच बोलणार.”

“त्या कशा आहेत?” हे विचारू नये, असं तिच्या आतलं कुणीतरी ओरडत होतं, आणि तरी तिने विचारलं.

सिस्टरचा आवाज खाली आला. “कशा असणार? सून बोलत नाही त्यांच्याशी. दोन वर्षं झाली. चुलीपाशी फिरकू देत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या स्वतःही फिरकत नाहीत. नातवाला घास भरवत नाहीत. कुणी ताट दिलं तर तीन तीनदा वास घेऊन बघतात आणि तसंच ठेवून देतात. निम्म्या राहिल्यात. मी समजावते, आजी, होतं माणसाच्या हातून, तुम्ही मुद्दाम का केलंत? पण त्यांचं एकच. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय म्हणजे तेच खरं.” मग ती एकदम म्हणाली, “इथेच बसल्यात, मॅडम. रोज दुपारी येऊन बसतात, घरात बसवत नाही म्हणून. देऊ का?”

तिने नको म्हटलं. म्हटलं असं तिला वाटलं. पण तोंडातून शब्द फुटला नसावा, कारण पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला आणि मग एक म्हातारा श्वास ऐकू आला. दोन वर्षं आणि आजचा दिवस तिने सगळं भ्यायचं ते भिऊन घेतलं होतं, फायलीला, प्रतीला, हॉलला, साहेबांना. हिला भ्यायचं राहूनच गेलं होतं. ही तिच्या यादीत नव्हतीच.

“डॉक्टरीणबाई?” आजी म्हणाली. “मी येणार हो त्या दिवशी. सिस्टर म्हणतात, दोनच शब्द बोला. मी पाठ करतेय.”

“काय बोलणार आहात, आजी?”

“हेच की, माझ्या हातून एक गेली, तुमच्या हातून बाकीची वाचली.”

दारावर पुन्हा टकटक झाली. अजूनही काही झालं नव्हतं. अजूनही नुसतं, बरं आजी, या, एवढं म्हणता येत होतं. फोन ठेवता येत होता, सही करता येत होती, आणि पुढच्या महिन्यात पुढच्या रांगेत लेक बसली असती आणि या म्हातारीने माइकसमोर उभं राहून सगळ्या लोकांदेखत आपलं पाप कबूल केलं असतं. टाळ्या पडल्या असत्या.

“आजी,” ती म्हणाली, “तुमच्या हातून काही झालेलं नाही. तुमच्या अन्नात काही नव्हतं. पाण्यात होतं. माझ्याकडे कागद आहे तसा, दोन वर्षं आहे. पाणी बंद करा म्हणून सिस्टर गुरुवारीच सांगायला आल्या होत्या. मी ऐकलं नाही. मी पाणी चालू ठेवलं, आणि मग तुमच्या अन्नावर ढकललं.”

एवढं बोलून ती थांबली. आता आरडाओरडा होईल, शिव्या येतील, फोन आपटला जाईल, अशी तिने वाट पाहिली. काही झालं नाही. श्वास तेवढा येत होता. मग मागून सिस्टरचा आवाज आला, “काय झालं आजी? काय म्हणतात मॅडम?”

“सगळ्यांनी खाल्लं होतं ते,” आजी शेवटी म्हणाली. “मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला, सगळ्यांनी खाल्लं म्हणून.”

“सांगितलं होतं.”

“तुम्ही ते नाही लिहिलंत.”

“नाही लिहिलं.”

“हे माझ्या सुनेला सांगाल?” आजीने विचारलं. “मी सांगून ती मानायची नाही.”

दार आतून कडी लावलेलं, आणि पेपरवेट आता कडी वाजवत होता. ती उठली. टेबलाला वळसा घालताना फोनची तार ताणली गेली. कडी काढून तिने त्याला सहीचा कागद दिला, सहीशिवाय, आणि वर ते जांभळ्या शिक्क्याचं पान ठेवलं. “हे दोन्ही एकत्र पाठवा,” ती म्हणाली. “आणि गाडी काढायला सांगा. टेकडीवर जायचंय.” पेपरवेट वरचं पान वाचू लागला आणि वाचता वाचता त्याच्या तोंडावरचं हसू उतरत गेलं. हे आता असंच होत जाणार होतं, एकेका चेहऱ्यावर, नवऱ्याच्या, लेकीच्या. तिने फोन पुन्हा कानाला लावला. “आजी, मी येते. आत्ताच निघते.”

“मग लवकर या,” आजी म्हणाली. “हल्ली सहाला ती कामावर जाते, रात्रपाळीला.”